नळदुर्ग परिसरातील टेम्पेस्ट विमाने (१९४८) आणि त्यांच्या लघुप्रतिकृती : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना दप्तरे, शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि वास्तू यांची नोंद आवर्जून घेतली जाते. लघुप्रतिकृती मात्र या यादीत सहसा येत नाही. ती मुलांचे खेळणे, हौशी माणसाचा विरंगुळा किंवा प्रदर्शनातील शोभेची वस्तू समजली जाते. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. तथापि लष्करी विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणाऱ्यास जे प्रश्न सोडवावे लागतात, ते पाहिले असता या छंदाचे इतिहासलेखनाशी असलेले नाते स्पष्ट होते. इतिहासकार 'भारतीय विमानांनी मार्गावरील मोर्च्यांवर हल्ले केले' असे एक वाक्य लिहून पुढे जाऊ शकतो. प्रतिकृतिकाराला ती मोकळीक नसते. विमान कोणत्या प्रकारचे होते, त्याचे नाक गोल होते की खाली हनुवटीसारखे फुगलेले, पंखांवर कोणते चिन्ह होते, क्रमांकाची अक्षरे कोणती होती, चाकांना चिखल लागला होता की धूळ, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याला प्लॅस्टिक आणि रंग यांच्या रूपात द्यावेच लागते. उत्तर हाती नसले तरी ती जागा कोरी सोडता येत नाही. अशा वेळी अंदाजाने लावलेला रंग पाहणाऱ्याच्या मनात पुरावा म्हणून घर करतो.

धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाविरुद्ध सुरू झालेल्या लष्करी कारवाईतील पश्चिम आघाडीची पहिली लढाई याच जिल्ह्यातील नळदुर्ग येथे झाली आणि तिच्या दुसऱ्याच दिवशी उमरग्याहून पुढे निघालेल्या फौजेसाठी टेम्पेस्ट विमानांचे साहाय्य घेण्यात आले. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, त्या निमित्ताने देखावे, चित्रे आणि प्रदर्शने मांडली जातात. प्रस्तुत निबंधात टेम्पेस्ट या विमानाच्या प्रतिकृतीची बांधणी, रंगकाम आणि तिच्यावर उमटविल्या जाणाऱ्या झिजेच्या खुणा यांचा १९४८ च्या उपलब्ध माहितीच्या आधारे विचार करावयाचा आहे.

कारवाईची पार्श्वभूमी आणि जिल्ह्यातील घटनाक्रम

हैदराबाद संस्थान आणि भारत सरकार यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला. तो एक वर्षासाठी होता. प्रत्यक्षात ते वर्ष पुरे होण्यापूर्वीच परिस्थिती हाताबाहेर गेली. रझाकार संघटनेचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते, ते १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत. त्यामुळे रझाकारांच्या अत्याचारांची आणि त्यांना झालेल्या प्रतिकाराची झळ या जिल्ह्याला अगदी जवळून बसली. याच काळात सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन जातीच्या विमानांतून निजामासाठी शस्त्रे आणत होता. निजामापाशी लढाऊ विमानांचे दल असे नव्हतेच. आकाशातून आलेली मदत उतरवून घेण्यासाठी धावपट्ट्या होत्या, आकाशात लढण्यासाठी काही नव्हते. प्रतिकृतीच्या रंगकामाचा विचार करताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कारवाईचे सर्वोच्च नेतृत्व लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी यांच्याकडे होते. सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज निघाली. हवाई दलाची जबाबदारी एअर व्हाइस मार्शल मुखर्जी यांच्याकडे होती. सोलापूर-हैदराबाद मार्गावरील नळदुर्ग येथे बोरी नदीवरील पूल हा या आघाडीचा कळीचा बिंदू होता. सातव्या ब्रिगेडने वेग आणि अनपेक्षितपणा यांच्या बळावर तो पूल अखंड स्थितीत हस्तगत केला. त्यानंतर शीख पलटणीने नळदुर्ग येथील हैदराबाद इन्फन्ट्रीच्या ठाण्यावर चढाई केली. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती दल सुमारे ८ किलोमीटरवरील जळकोटला पोहोचले आणि दुपारी सव्वातीनपर्यंत फौज उमरग्यात दाखल झाली. दुसऱ्या तुकडीने पहाटे तुळजापूर गाठले. तेथे हैदराबादचे सैनिक आणि सुमारे २०० रझाकार यांनी दोन तास लढून शरणागती पत्करली. तेथून लोहाऱ्याकडे जाण्याचा मार्ग मात्र खुला झाला नाही, कारण नदीला पूर आला होता.

१४ सप्टेंबर रोजी उमरग्याहून निघालेल्या फौजेला पूर्वेस राजेश्वरपर्यंत जावयाचे होते. हवाई टेहळणीत या मार्गावर दबा धरून बसलेले भक्कम मोर्चे दिसून आले. तेव्हा टेम्पेस्ट विमाने बोलावण्यात आली, मोर्चे मोडले आणि दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांच्या या मोहिमेला 'पोलीस कारवाई' असे नाव रूढ झाले. चार तोफा बसविलेले विमान समोर टेबलावर ठेवले, म्हणजे या नावातील विसंगती कोणत्याही विवेचनाशिवाय डोळ्यांत भरते.

टेम्पेस्ट-२ : यंत्र आणि त्याची ओळख

हॉकर कंपनीच्या सिडनी कॅम यांच्या रचनेतून साकारलेले टेम्पेस्ट हे दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातील वेगवान लढाऊ विमान होय. त्याच्या ज्या आवृत्तीने युरोपात कीर्ती मिळविली ती पाचवी. तिच्यात नेपियर सेबर हे द्रवशीतित इंजिन होते आणि त्याच्या शीतकासाठी नाकाखाली एक ठळक फुगवटा होता. भारताकडे आली ती दुसरी आवृत्ती. तिचे इंजिन ब्रिस्टल सेंटॉरस, दोन वर्तुळाकार रांगांत मांडलेल्या १८ सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे आणि सुमारे २५०० अश्वशक्तीचे. त्यामुळे नाक गोलाकार आणि हनुवटी नाही. या आवृत्तीचा नमुना जून १९४३ मध्ये प्रथम उडाला. परंतु उत्पादनास विलंब झाल्याने महायुद्धात तिला लढाईची संधी मिळाली नाही. पंखांचा विस्तार सुमारे १२.५ मीटर, लांबी सुमारे १०.५ मीटर, पंखांत २० मिलिमीटर व्यासाच्या चार तोफा, आणि त्याखेरीज बॉम्ब अथवा रॉकेट वाहण्याची सोय, अशी तिची रचना होती.

दोन आवृत्त्यांमधील हा भेद क्षुल्लक वाटेल, पण प्रतिकृतीच्या बाजारात तो निर्णायक ठरतो. पाचव्या आवृत्तीचे संच विपुल प्रमाणात निघाले, दुसरीचे तुलनेने कमी. १९७० च्या दशकात मॅचबॉक्स कंपनीने १:७२ प्रमाणातील असा संच काढला होता, की ज्यातून दुसरी किंवा सहावी यांपैकी कोणतीही आवृत्ती जुळविता येत असे. हाताशी आलेला पाचव्या आवृत्तीचा संच घेऊन त्यावर भारतीय चिन्हे लावली, तर जे विमान तयार होते ते कितीही सफाईदार असले तरी भारताकडे कधीच नव्हते. एखाद्या सनदेवर चुकीच्या राजाची मुद्रा उमटवावी, तसाच हा प्रकार.

भारतीय हवाई दलात टेम्पेस्टचे आगमन १९४६ पासून झाले आणि १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेत त्यांचा वापर झाला. भारताकडील विमानांना एच ए या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक देण्यात आले. पालम येथील भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात एच ए ६२३ हे टेम्पेस्ट जतन केलेले आहे. भारतातून परत गेलेले आणखी एक टेम्पेस्ट ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाने जतन केले. त्याचा मूळ ब्रिटिश क्रमांक पी आर ५३६ आणि भारतीय क्रमांक एच ए ४५७. एकाच यंत्राला असे दोन क्रमांक असणे हा राजकीय स्थित्यंतराचा पत्र्यावर उमटलेला ठसाच म्हणावा लागेल. पुढे रंगकामाच्या चर्चेत त्याचा पुन्हा संदर्भ येईल.

प्रमाणाचा प्रश्न

विमानांच्या प्रतिकृतींत सर्वाधिक रूढ असलेले १:७२ हे प्रमाण दशमान पद्धतीत वाढलेल्या वाचकास विचित्र वाटते. त्याचे मूळ ब्रिटिश मापनपद्धतीत आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणून सहा फुटी माणूस एका इंचात बसविला की हे प्रमाण मिळते. १९३२ मध्ये स्कायबर्ड्स नावाच्या लाकडी संचांनी ते लोकप्रिय केले, आणि १९३६ मध्ये फ्रॉग पेंग्विन या नावाने सेल्युलोज ॲसिटेटचे संच आले. ॲसिटेटला कालांतराने बाक येतो, म्हणून पुढे पॉलिस्टायरिनने त्याची जागा घेतली. एअरफिक्सने १९५३ मध्ये स्पिटफायरचा संच काढला आणि त्यानंतर हा छंद मध्यमवर्गीय घरांत शिरला. परंतु दरम्यानच्या काळात, म्हणजे महायुद्धात, या प्रतिकृतींनी फार गंभीर काम केले होते. शत्रूचे आणि आपले विमान ओळखण्याच्या शिक्षणासाठी काळ्या रंगाच्या लाकडी प्रतिकृती वापरण्यात येत. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी विद्यार्थ्यांकडून अशा पाच लाख प्रतिकृती करून घेण्याची योजना हाती घेतली होती.

या शिक्षणामागील गणित साधे आहे आणि स्थानिक इतिहासाला ते थेट उपयोगी पडते. १:७२ प्रमाणातील प्रतिकृती दहा मीटर अंतरावर धरली की ती ७२० मीटरवरील खऱ्या विमानाएवढी दिसते. टेम्पेस्टचा पंखविस्तार या प्रमाणात सुमारे १७ सेंटिमीटर भरतो. मोठ्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून फळ्याजवळ धरलेल्या अशा प्रतिकृतीकडे पाहिले, तर उमरगा परिसरातील शेतकऱ्याने १९४८ च्या सप्टेंबरात काय पाहिले असेल याची कल्पना येते. आकार दिसतो, पंखांची ठेवण दिसते. ९० सेंटिमीटर व्यासाचे चिन्ह या प्रमाणात सव्वा सेंटिमीटरचा ठिपका होतो. आणि खरे विमान तर मिनिटाला कित्येक किलोमीटर वेगाने जात होते. म्हणून विमानाच्या रंगाविषयी किंवा चिन्हाविषयी मौखिक परंपरेतून मिळणारी माहिती फार सावधपणे घ्यावी लागते. विमान आले, किती वेळा आले, आवाज कसा होता, लोक कोठे लपले, याबाबत मात्र हीच परंपरा कोणत्याही लष्करी अहवालापेक्षा अधिक बोलकी ठरू शकते. साक्षीदाराला जे दिसूच शकत नव्हते ते त्याला विचारू नये, हा मुलाखतीच्या पद्धतीतील नियम येथे वर्गातच सिद्ध करून दाखविता येतो.

प्रमाणाची दुसरी बाजू प्रतिकृतिकाराला अधिक छळते. पत्र्यांच्या सांध्यांची रेषा संचावर ०.२ मिलिमीटर रुंदीची कोरलेली असेल, तर प्रत्यक्षात ती सुमारे दीड सेंटिमीटरची भेग ठरते. कोणतेही विमान एवढ्या भेगा घेऊन उडत नाही. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला तर तो मूळ विमानावर ७ मिलिमीटरचा लेप होतो. ब्रशाने दोन-तीन जाड हात देण्याऐवजी स्प्रेने पातळ हात का द्यावयाचे, याचे कारण हेच. दोन अर्धे भाग जोडल्यावर राहणाऱ्या फटीत लांबी भरून, ती वाळल्यावर पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपरने घासून सांधा नाहीसा करणे हे या कामातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे अंग आहे. अनुभवी हात या टप्प्यावर घाई करीत नाही.

रंग, अशोकचक्र आणि तिरंगी वर्तुळ

हैदराबाद कारवाईतील टेम्पेस्टच्या प्रतिकृतीत सर्वांत संभवनीय चूक चिन्हाची आहे. आज भारतीय हवाई दलाचे चिन्ह म्हटले की केशरी, पांढरे आणि हिरवे अशी एकात एक वर्तुळे डोळ्यांपुढे येतात. हे चिन्ह प्रजासत्ताकाबरोबर १९५० मध्ये आले. महायुद्धकाळात ब्रिटिश वर्तुळातील मधला लाल ठिपका आशियातील विमानांवरून काढून टाकण्यात आला होता, कारण जपानी विमानांवरील लाल सूर्यबिंबाशी त्याची गल्लत होत असे. त्यामुळे भारतीय तुकड्यांची विमानेही निळ्या छटांचे वर्तुळ मिरवीत. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी निळे अशोकचक्र आले आणि १९५० पर्यंत ते राहिले. म्हणजे सप्टेंबर १९४८ मधील टेम्पेस्टवर तिरंगी वर्तुळ दाखविणे हा कालविपर्यास होय. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. त्या वेळी या दलाचे अधिकृत नाव 'रॉयल इंडियन एअर फोर्स' असेच होते. १९४५ मध्ये मिळालेले 'रॉयल' हे विशेषण १९५० मध्ये गळाले. पंखावर अशोकचक्र आणि नावात ब्रिटिश राजा, अशा अवस्थेत हे दल एका संस्थानिकाविरुद्ध उडाले. स्वतंत्र वसाहतराज्याच्या त्या अडीच वर्षांचे इतके नेमके चित्र अन्य कोणत्याही वस्तूत क्वचितच सापडेल.

चक्राला २४ आरे. सव्वा सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाच्या परिघावर दर दीड-पावणेदोन मिलिमीटरला एक आरा येतो. हाताने तो रंगविणे जवळपास अशक्य असल्याने पाण्यात सोडवून चिकटविण्याची छापील चिन्हे, म्हणजे डीकॅल, वापरावी लागतात. डीकॅल खडबडीत पृष्ठभागावर नीट बसत नाही, त्याच्याखाली हवा अडकून चकाकी दिसते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा हात, मग डीकॅल, आणि सर्वांत शेवटी निस्तेज वॉर्निश असा क्रम पाळावा लागतो. बाजारात तिरंगी वर्तुळांचे डीकॅल सहज मिळतात, चक्राचे शोधावे लागतात. ऐतिहासिक चूक पुष्कळदा अज्ञानापेक्षा अशा सोयीतूनच घडते. प्रदर्शनासाठी चित्र काढणारा विद्यार्थीही हाताशी असलेले आजचे चिन्हच उतरवून घेतो.

रंगाचा निर्णय छायाचित्रांवरून करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्या काळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबड्या प्रकाशाचे भान नसल्याने तांबडा आणि केशरी रंग तिच्यावर काळपट उमटतो, तर निळा फिकट होतो. पँक्रोमॅटिक फिल्मवर हे प्रमाण डोळ्याच्या अधिक जवळ येते. ओळखीचे निळे चक्र अशा एखाद्या छायाचित्रात जवळजवळ पुसट दिसू शकते आणि त्यावरून 'चिन्ह नव्हते' असा निष्कर्ष काढला जाण्याची भीती असते. हस्तलिखिताच्या अभ्यासकास शाईच्या जातीचे ज्ञान हवे, तसे येथे फिल्मच्या जातीचे हवे. शिवाय खऱ्या विमानाचा रंग डबीतून तसाच्या तसा प्रतिकृतीवर लावला तर तो फार गडद वाटतो. दूरच्या डोंगराचा हिरवा रंग हवेमुळे फिका दिसतो, त्याच न्यायाने लहान प्रतिकृतीच्या रंगात किंचित पांढरा मिसळावा असे जाणकार सांगतात. येथे मोजमापाचे सत्य आणि दृष्टीचे सत्य यांत निवड करावी लागते, आणि दोन्ही बाजूंना सबळ युक्तिवाद आहेत.

झीज : रंगाने केलेले विधान

प्रतिकृतीवर वापराच्या आणि हवामानाच्या खुणा उमटविण्याच्या तंत्राला छंदिक मंडळी वेदरिंग म्हणतात. त्याच्या पद्धती अनेक आहेत. ॲल्युमिनिअमच्या रंगावर मिठाचे ओले खडे चिकटवून वरून विमानाचा रंग मारावयाचा आणि वाळल्यावर खडे झाडून टाकावयाचे, म्हणजे पोपडे गेल्याचा भास होतो. पातळ केलेला तैलरंग सांध्यांत सोडून वरचा पुसून घेतात. जवळजवळ कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवर फिकट रंग फिरवितात. रंगीत खडूची पूड घासून धुराचे पट्टे काढतात. तंत्र म्हणून हे मोहक आहे आणि या मोहातच त्याचा धोका दडलेला आहे. प्रत्येक डाग हे एक विधान असते: हे यंत्र इतके जुने होते, येथे उभे राहिले होते, याने हे केले होते.

सर्वांत ढोबळ चूक गंजाची. विमानाचे आवरण ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे असते. त्यावरील रंग उडाला तर खाली रुपेरी पत्रा दिसतो. तांबूस-तपकिरी गंज लोखंडावर चढतो, ॲल्युमिनिअमवर नव्हे. रणगाड्याच्या प्रतिकृतीवर शोभणारा गंज विमानावर आणला की रसायनशास्त्राचा अध्यापक दारातूनच हसतो. दुसरी चूक वयाची. दुसऱ्या आवृत्तीचे उत्पादन महायुद्धाच्या अखेरीस होऊ लागले. त्यामुळे १९४८ मध्ये यांतील कोणतेही विमान फार तर तीन-चार वर्षांचे होते. दशकभर लढून विटलेले यंत्र म्हणून त्याला रंगविणे योग्य नाही. तिसरी चूक शौर्याची म्हणता येईल. समोर शत्रूची विमाने नव्हती, म्हणून हवाई चकमकीत झालेल्या गोळ्यांच्या छिद्रांना येथे आधार नाही. जमिनीवरून गोळीबार होऊ शकत होता, पण पंखांवर छिद्रांची रांग उमटविणे म्हणजे न झालेली लढाई नोंदविणे होय.

मग झीज दाखवावयाची कोणती? तिचे तर्कशुद्ध उत्तर वर उल्लेखिलेल्या दुहेरी क्रमांकांत मिळते. या यंत्रांवर आधी ब्रिटिश क्रमांक आणि ब्रिटिश चिन्हे होती. ती झाकून नवा क्रमांक आणि नवे चिन्ह काढण्यात आले. त्यामुळे उन्हाने फिकट झालेल्या जुन्या रंगावर नव्या रंगाचे काहीसे गडद चौकोनी ठिगळ, आणि त्यावर ताजे अक्षर, ही या विमानाची सर्वाधिक संभवनीय आणि सर्वाधिक अर्थपूर्ण खूण आहे. पोपडे आणि छिद्रे यांच्यापेक्षा ती करण्यास सोपी. रंग कालवताना पांढऱ्याचे दोन-चार थेंब कमी करावयाचे, एवढेच. सत्तांतर सांगणारी हीच खूण, पण ती युद्धाचा थरार देत नाही म्हणून दुर्लक्षित राहते. याशिवाय सेंटॉरस इंजिनाच्या धुराड्यांमागे अंगावर उमटणारा काजळीचा पट्टा, तोफांच्या तोंडामागे पंखाखाली पडणारी काळपट छटा आणि इंजिनाच्या आवरणाखालची तेलकट चमक एवढे पुरे.

हवामानाचा पुरावाही उपलब्ध आहे. लोहाऱ्याकडील वाट नदीच्या पुराने अडली, ही नोंद सांगते की पाऊस झाला होता. तेव्हा चाकांवर धूळ नव्हे, चिखल हवा. मात्र तो कोणता, याचा विचार व्हावा. नळदुर्ग-उमरगा पट्ट्यातील काळी कसदार जमीन पावसात रबरासारखी चिकटते आणि चाकात भरून राहते, हे या भागात बैलगाडी हाकलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तो काळा चिखल रस्त्याने गेलेल्या लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींवर योग्य. विमाने या जमिनीवर उतरली नव्हती. त्यांचा चिखल त्यांच्या तळाचा. परदेशी रंगकंपन्यांच्या डब्यांवर 'युरोपियन मड' म्हणून जी पिवळसर छटा मिळते तिचा दोन्हींशी संबंध नाही. घरच्या शेतातील माती चाळून, वाळवून, पातळ डिंकात कालवून वापरणे हाच येथे शास्त्रीय मार्ग ठरतो.

पायाबाहेरील इतिहास

प्रतिकृती आणि तिच्याभोवतीचा देखावा यांना एक अटळ मर्यादा आहे. लाकडी फळीच्या कडेशी दृश्य संपते. नळदुर्ग ते जळकोट हे ८ किलोमीटरचे अंतर १:७२ प्रमाणात १११ मीटर होते. कोणत्याही सभागृहात ते मावत नाही. त्यामुळे देखावा करणारा एक क्षण आणि एक जागा निवडतो, आणि निवड म्हणजे वगळणे. बहुतेक वेळा निवडला जातो तो विजयाचा क्षण.

जिल्ह्याचा १९४८ चा इतिहास मात्र १७ सप्टेंबरला संपत नाही. त्यापूर्वीच्या महिन्यांत रझाकारांनी केलेली लूट, जाळपोळ आणि खून यांच्या आठवणी गावोगावी आहेत. कारवाईनंतरच्या आठवड्यांत सूडाची लाट उसळली आणि तिच्यात मुस्लिम समाजातील असंख्य निरपराध माणसे मारली गेली. या घटनांच्या चौकशीसाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सदिच्छा मंडळ पाठविले. काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्याचे अन्य सदस्य होते. मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला. संस्थानातील मृतांचा त्यांचा सावध अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे म्हणून नोंदले गेले आणि केवळ या चारांत १८ हजारांच्या आसपास माणसे मारली गेली असे मंडळाचे मत होते. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांना तो अनेक दशकांनी पाहावयास मिळाला.

या माहितीचा विमानाच्या रंगकामाशी संबंध काय, असा प्रश्न विचारला जाईल. संबंध असा, की लढाऊ विमानाची सुबक प्रतिकृती पाहणाऱ्याला हिंसेचे एक स्वच्छ रूप दाखविते: वरून आलेले, शिस्तबद्ध, पाच दिवसांत आटोपलेले. धुराचा पट्टा कितीही कौशल्याने काढला तरी हे स्वच्छपण जात नाही, उलट वाढते. जिल्ह्यातील बहुसंख्य मृत्यू ना टेम्पेस्टच्या तोफांनी झाले, ना रणगाड्यांनी. ते हाताने, ओळखीच्या माणसांकडून, गावाच्या वेशीच्या आत झाले. त्यांची प्रतिकृती कोणी करीत नाही आणि करूही नये. परंतु प्रदर्शनातील विमानाशेजारी लावावयाच्या पट्टीवर केवळ वेग, अश्वशक्ती आणि तोफांची संख्या लिहून थांबणे इतिहास विभागाला शोभणारे नाही. रझाकारांच्या बळींची आणि नंतरच्या बळींची नोंद त्याच पट्टीवर, त्याच अक्षरांत यावयास हवी. असे केल्याने मुक्तिसंग्रामाचे मोल कमी होते, ही भीती निराधार आहे. जुलमी राजवट संपणे आणि तिच्या अंतानंतर अन्याय घडणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

महाविद्यालयीन उपयोजन

राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ सालचाच. तिचा हवाई विभाग १९५० मध्ये मुंबई आणि कलकत्ता येथे सुरू झाला आणि विमानप्रतिकृती हा त्याच्या प्रशिक्षणाचा भाग राहिला. तेथे भर असतो तो उडणाऱ्या प्रतिकृतींवर, म्हणजे वायुगतिशास्त्रावर. स्थिर प्रतिकृतीत उड्डाण नाही; तिची कसोटी पुराव्याची. म्हणून ती इतिहास विभागात यावी हे अधिक सयुक्तिक. संच महाग वाटल्यास सावर किंवा पांगाऱ्याच्या मऊ लाकडातून महायुद्धकालीन पद्धतीची काळी प्रतिकृती कोरता येते, आणि ७२० मीटरचे गणित तिच्यावरही तितकेच चालते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने विमान करावे, दुसऱ्याने प्रत्येक रंगामागील आधार लिहून काढावा: हे छायाचित्रावरून, हे संग्रहालयातील विमानावरून, हा केवळ तर्क. तर्काच्या जागा लाल शाईने लिहाव्यात. पहिल्या गटाला दुसऱ्याचा राग येईल हे गृहीत धरावे.

नळदुर्गचा देखावा करावयाचा झाल्यास बोरी नदीवरील पुलाबाबत एक सूचना आवश्यक वाटते. युद्धदृश्य म्हटले की पूल तुटका, कमानी ढासळलेल्या, खाली सळया आणि दगडांचा खच असे दाखविण्याचा मोह होतो. प्लॅस्टर मोडून ते करणे सोपेही असते. तो पूल उडवून देण्याची कामगिरी निजामाच्या सेवेतील एका ब्रिटिश भाडोत्री सैनिकावर सोपविलेली होती आणि ती पार पाडण्यापूर्वीच तो पकडला गेला. पूल उभा राहिला म्हणून फौज सकाळी नऊला जळकोटला पोहोचली. देखाव्यातही तो अखंडच असावा, पावसाने भिजलेला, दोन्ही कठड्यांसह.